गावंडेचा माणूस

खुशालराव : म्हून सांगतो मैना, तू अज्याबात भेऊ नको. तुह्या मामाची अख्खी जिंदगी अचलपूरच्या कोर्टात गेली. माह्या हातचा एकबी मामला आजवर वापस आला नाई. इचार परतवाड्यात कोणालेबी.

निखत : अरे वा! मग मामा, तुम्ही अकोल्याला माझ्याकडे कशाला आलात? प्रॅक्टिस कशाची होती तुमची, दिवाणी की फौजदारी?

खुशालराव : दोन्ही.

निखत : सनद कोणत्या सालची?

खुशालराव : सनद नाई जी. मी बेलीफ होतो. नोटीस बजावाले जाचो. माणूस घरी भेटला त हातात द्याची, नाई भेटला त दारावर चिकटवून याचं. चिकटवल्यावर कशी वापस येईन?

निखत : अच्छा. असा मामला.

खुशालराव : सरपंचाच्या दारावरबी एकडाव चिकटवली होती. अजून रंग निघाला नाई त्या जागचा.

मैना : मामा, बस करा ना. ताईले दुसरे कामं असतीन. ताई, मले येकच सांगा. मेलेल्या माणसाले चोर करता येते का?

निखत : सांगते. आधी नीट बसा. खुर्चीच्या काठावर बसल्या आहात, पडाल.

मैना : वर पंखा हाय.

निखत : मग?

मैना : त्याची वायर लोंबून राहिली.

निखत : ती होय... ती मी इथे यायला लागले तेव्हापासून तशीच आहे. फुकट कायदा सल्ला केंद्र ना हे, पंख्याला पण कोणी वाली नाही. या, माझ्या बाजूला या. आता सांगा. मोतीराम तुमचे मिस्टर. काय काम करायचे?

खुशालराव : लाइनमन.

मैना : लाइनमन नोहोते. लाइनमन गावंडे. हे गावंडेचे माणूस होते.

निखत : हेल्पर?

मैना : माणूस. गावंडेचा गुडघा धरते अन् पोट खांबाले अडते. मंग तार तुटली का, फ्यूज उडाला का, गावंडे खाली उभा राहे अन् हे वर चढत. गावात झिरो वायरमन म्हणत त्याइले.

निखत : पगार?

मैना : गावंडेच्या मनात आलं त. नाई त ज्याची लाइन जोडली थो पायलीभर जवारी देये, एखादा वांगे देये.

निखत : कार्ड, बिल्ला, ड्रेस? कंपनीचं नाव असलेलं काहीतरी?

मैना : चप्पल होती घरची.

निखत : या वर्षात तुम्ही माझ्याकडे आलेल्या तिसऱ्या बाई आहात मैनाताई. तिघींचे नवरे झिरो. बरं, झालं कसं ते सांगा.

मैना : लोडशेडिंग होतं. आमच्याकडे सकायी लाइन गेली का दुपार कलल्यावर येते. खांबावरचा जंपर, दोन तारा जोडणारा तुकडा, जळला होता. गावंडे म्हणे, चढ, लाइन बंदच हाय. हे चढले.

निखत : सबस्टेशनला फोन करून परमिट घेतलं नाही? लाइन बंद ठेवा, माणूस वर आहे, असं कळवावं लागतं.

मैना : गावंडे म्हणे, लोडशेडिंगमदी परमिट कायले? बंद लाइन अजून किती बंद कराची?

खुशालराव : अन् त्याच दिवशी बाजूच्या गावात मंत्री आले जी. शेतकऱ्याइले धीर द्याले. मंडप, भोंगे, हार, सगळं. आता भोंगा वाजन कायच्यावर? वरून हुकूम आला, लाइन सोडा.

निखत : या अल्लाह.

मैना : मी चुलीपाशी होती. दुरून भोंग्याचा आवाज आला, शेतकरी बंधूंनो म्हणून. मले आधी बरं वाटलं. म्हणलं, आज लवकर आली लाइन. मंग हातातली भाकर तव्यावर टाकाची राहून गेली. थे वर होते ना.

निखत : पाणी घ्या.

मैना : नोको. भाषण संपेपर्यंत उतरवता नाई आलं त्याइले. लाइन सुरू होती.

खुशालराव : मंत्र्याइचं भाषणबी लांबलं. लोकं टाळ्या वाजवत होते. चिवडा होता शेवटी.

निखत : पोस्टमार्टम?

खुशालराव : झालं, सरकारी दवाखान्यात. इजेचा शॉक, असं साफ लिवलं हाय. तक्रार द्याले मी सोता पोलिसात गेलो. हवालदार भला माणूस. म्हणे, तक्रार घेतो, पण आता लाइन नाई, अंधारात लिवता येत नाई. लाइन आल्यावर या.

निखत : आल्यावर गेलात?

खुशालराव : गेलो ना. तवा हवालदार पीठ दळाले गेले होते. लाइन आली होती म्हून.

निखत : मैनाताई, तुम्ही सारख्या दाराकडे का बघताय?

मैना : आमच्या गावचं कोणी दिसते का, पायतो.

निखत : इथे कोण येणार?

मैना : मंगळवारी मी बसस्टँडवर उभी होती, त सरपंचाचा भाऊ म्हणे, कुठी चालली वयनी, अकोल्याले? मी म्हणलं, नाई, मूर्तिजापूरले, दातासाठी. त थो म्हणे, दात सांभाळून ठेवा. हासत हासत म्हणे.

निखत : सरपंचाला काय त्रास आहे यात?

मैना : तिसऱ्याच रोजी आले होते सरपंच. स्टॅम्पपेपर घेऊन. सगळं लिवेल होतं. मोतीराम आकडा टाकाले चढला, चोरीची लाइन घ्याले, सोताच्या चुकीनं मेला, आमची कोणावर तक्रार नाई. म्हणे, सही कर, शाळेत खिचडी शिजवाचं काम तुले देतो. नाई केली त चोराच्या बायकोले काम कोण देईन?

निखत : केली सही?

मैना : नाई.

निखत : शाबास!

मैना : शाबासकी नोका देऊ ताई. बहादुरी नोहोती ते. हात इतका कापे का पेन धरता येईना. सरपंच म्हणे, अंगठा दे. मी म्हणलं, मी सातवी शिकली हाओ, अंगठा कसा देऊ? म्हून वाचली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकायी दाराच्या कडीले आकडा टांगेल रायते.

निखत : तारेचा?

मैना : हौ. लाइनीवर फेकून चोरून वीज घेतात, थोच. रोज नवा. कोण टांगते, दिसत नाई. मले समजते त्याइचं. आज कडीले टांगला, उद्या माह्या घरावरच्या लाइनीले टांगतीन अन् धाड बोलावतीन. मी उठल्या उठल्या आधी वर पायतो, तारेकडे. मंग तोंड धुतो. घरातलं बटन मी तवापासून दाबलं नाई. अंधारात राहतो.

निखत : गावात आकडे किती आहेत?

खुशालराव : घरं किती हायेत?

निखत : सगळेच?

खुशालराव : देवळाचा हाय. शाळेचा हाय. पिठाच्या गिरणीचा हाय. सरपंचाचे दोन हायेत, एक घरचा, एक वावरातला. पोलीस पाटलाचा कूलर आकड्यावर चालते, म्हून थो उन्हाळ्यात गुन्हेच दाखल करू देत नाई.

मैना : मीटर फक्त आमच्याच घरी. थे म्हणत, मी खांबावर चढणारा माणूस, माह्या घरी आकडा शोभन का? लोकाइचे आकडे मात्र टाकून देत. गावंडे सांगे, टाक. धाड येणार असली का गावंडे सांगे, काढ. गावात आकडा काढता येत होता फक्त त्याइले.

निखत : म्हणजे तपास करायला साहेब आला, की त्याला आधी गावाचे आकडे दिसणार.

मैना : म्हून त सगळे माह्यावर धावून राहिले. सरपंच येकटा नाई. पाणी भराले गेली त बायका बादली बाजूले सरकवतात. पार्वताबाई, माही सख्खी शेजारीन, थे म्हणे, तुह्या एका नवऱ्यापायी साऱ्या गावाले मीटर बसवशीन का?

खुशालराव : वकीलसाहेब, पण मी हात बांधून बसलो नाई हां. दावा म्या टाकून देला.

निखत : काय टाकलं?

खुशालराव : दावा. नुकसानभरपाईचा. हा पाहा, शिक्क्यासकट.

निखत : दाखवा... मामा, हा मोटार अपघाताच्या दाव्याचा अर्ज आहे.

खुशालराव : अपघातच झाला ना?

निखत : "अपघातातील वाहनाचा क्रमांक" इथे तुम्ही काय लिहिलंय हे?

खुशालराव : खांबाचा नंबर.

निखत : "चालकाचे नाव" : गावंडे. "वाहन रस्त्याच्या कोणत्या बाजूला होते" : उभे होते.

खुशालराव : खोटं काई लिवलं का?

निखत : "वाहनाचा वेग"...

खुशालराव : थे म्या कोरं सोडलं. खात्री नसली त कोर्टात लिवू नये.

निखत : माफ करा मैनाताई, मी हसायला नको होतं.

मैना : हासा ना. मलेबी आलं असतं हासू, अगोदरचे दिवस असते त. ताई, माहा सवाल राहिला.

निखत : नाही, मेलेल्या माणसावर चोरीचा खटला चालत नाही. पण देखो, ते खटला भरणारच नाहीत. त्यांना फक्त तो कागद हवा आहे. "आकडा टाकताना मेला" एवढं तुमच्या सहीने मिळालं, की कंपनी म्हणणार, आमचा काय संबंध? म्हणून पहिली गोष्ट, कशावरही सही नाही. खिचडी नको, हमदर्दी नको, काही नको.

मैना : अन् मंग?

निखत : मग चार दरवाजे आहेत. पोलिसात हयगयीने जीव घेतला म्हणून गावंडेविरुद्ध तक्रार. हवालदार पीठ दळत बसला तर मी रजिस्टर पोस्टाने वर एसपीला पाठवते, तिथे नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. हे झालं शिक्षेचं. भरपाईचं वेगळं. तार ज्याची, जबाबदारी त्याची. चूक कोणाची होती हे भांडण नंतर, आधी जिवंत तार ज्याच्या ताब्यात होती त्याने जबाबदारी घ्यायची. ते थेट कंपनीवर. आणि ते कामाला होते असं दाखवता आलं तर कामगार कोर्ट, मग हक्काने.

मैना : कामाले होते असं कोण म्हणन?

निखत : तेच तर. गावंडे कधीच म्हणणार नाही. म्हटलं तर त्याचीच नोकरी जाते, जेल वेगळी.

खुशालराव : गावातलं कोणी म्हणन.

मैना : कोणी नाई म्हणणार मामा. आकडे हायेत सगळ्याइचे.

निखत : म्हणून चौथा दरवाजा आधी. विजेच्या अपघाताची चौकशी करणारा सरकारी साहेब वेगळा असतो, विद्युत निरीक्षक. अमरावतीहून येईल. तो कंपनीचा नसतो. जागेवर येऊन खांब बघतो, तार बघतो, पंचांसमोर जबाब घेतो. त्याच्या अहवालाला कोर्टात वजन आहे. मी आजच त्याला पत्र देते, जागेवर पाहणी करा म्हणून.

मैना : गावात बोलवाचं त्याले?

निखत : गावातच तर खांब आहे.

मैना : साऱ्या गावासमोर? ताई, थे लोकं मले जित्ती ठेवतीन का? साहेब सांजच्याले जीपमदी बसून जाईन. मले तिथीच राहाचं हाय.

निखत : मला माहीत आहे.

मैना : नाई माईत तुमाले. तुमी अकोल्यात राहता. आमच्याकडे वावरात जाताना मांगून सायकल आली तरी मी धुऱ्याच्या बांधावरून खाली उतरतो आताशा.

निखत : मैनाताई, मी खोटं सांगणार नाही. डर मलाही वाटतो. समोरच्या बाजूचा वकील कोण असेल ते मला आत्ताच ठाऊक आहे, मी त्याच्याच घरात भाड्याने राहते. तुम्ही आज घरी गेलात, सही नाही केली, काहीच नाही केलं, तर काय होईल?

मैना : आकडा टांगतीन. रोज.

निखत : आणि सही केली तर?

मैना : नाई टांगणार. मंग माहं पोरगं शाळेत जाईन त बाकीचे पोट्टे म्हणतीन, तुहा बाप चोर. अन् त्याच शाळेत मी खिचडी वाढीन.

खुशालराव : बोल मैना. तू म्हणशीन तसं.

मैना : वकीलपत्र का काय म्हणतात, थे कुठी हाय?

निखत : हे. इथे सही.

मैना : हात कापून राहिला.

निखत : कापू द्या. टेबल धरा एका हाताने.

मैना : तुमी याल ना पण? साहेब येईन त्या दिवशी?

निखत : मी? साहेबाच्या आधी पोचेन. तुम्ही उठायच्या आत मी तुमच्या दारात असेन, बघा.

(पाहणीच्या दिवशी, मैनाच्या दारात. उन्हं पार उतरली आहेत. निखतच्या काळ्या कोटावर अक्षता आहेत.)

निखत : सुरू झालं का? साहेब आले?

खुशालराव : साहेब आले, बसले, उठले, गेले. जीप जाऊन घंटा झाला.

निखत : तोबा तोबा. मामा, मी सकाळीच निघाले होते. काळीपिवळीचा टायर फुटला. ड्रायव्हरने स्टेपनी काढली तर ती याहून फुटकी. मागून एक जीप आली, मी हात दाखवला, त्यांनी घेतलं. ती लग्नाची जीप निघाली. नवरदेवाकडच्यांना वाटलं मी नवरीकडची, नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडची. मी म्हणते, भाऊ, मी वकील आहे, मला उतरवा. ते म्हणतात, वकीलबाई, आधी जेवा. पंगतीतून उठू देईनात. माझ्या हाताने आहेर दिला हो मी एका अनोळखी नवरीला!

खुशालराव : काय होतं जेवाले?

निखत : मामा!

खुशालराव : नाई, इचारलं आपलं. आमी उपाशी हाओत.

निखत : मैनाताई, चुकले मी. माफ करा. तुम्ही ठीक आहात ना? कोणी काही केलं?

मैना : नाई. बसा. अंधार हाय, दिवा लावतो.

निखत : गावात लाइटच नाहीत कुठे? येताना पाहिलं, देऊळसुद्धा अंधारात.

खुशालराव : आता पयल्यापासून सांगतो. साहेब येणार म्हून कालच्याले सगळ्या गावानं आकडे काढाचं ठरवलं. पण काढन कोण? काढता येणारा त मेला. मंग ज्यानं त्यानं बांबू घेतला. सरपंच अंबाडीच्या काडीनं आकडा काढून राहिले होते. गिरणीवाल्यानं ओढला इकडून, देवळाच्या पुजाऱ्यानं ओढला तिकडून, दोन तारा एकमेकीले लागल्या अन् डीपीची पेटी धाडकन उडाली. पोलीस पाटलाची मिशी अर्धी जळली.

निखत : कोणाला लागलं?

खुशालराव : मिशीशिवाय कोणाले नाई. पण लाइन गेली साऱ्या गावाची. साहेब आज आले, टेस्टर लावला खांबाले, काईच पेटेना. साहेब म्हणे, हा खांब त मेलेला हाय, यानं माणूस कसा मारला?

निखत : खांबाचा नंबर तरी घेतला ना त्यांनी? सबस्टेशनच्या नोंदीशी तो जुळवावा लागेल.

खुशालराव : थेच त.

निखत : काय "थेच त"?

खुशालराव : लोकं भेतात जी त्या खांबाले. मोतीराम रातच्याले तिथी उभा राहते म्हणतात. म्हून बायकाइनं खालून वरपर्यंत शेंदूर फासला. लिंबू बांधले. गावंडेची बायको रोज नारळ फोडते तिथी. साहेबानं इचारलं, नंबर कुठी हाय? म्या म्हणलं, नंबर शेंदराखाली हाय. त्याइनं खरवडला, त शेंदराखाली निघाली नोटीस.

निखत : कसली नोटीस?

खुशालराव : तुमचीच. गावंडेले पाठवलेली. तुमी पोस्टानं पाठवली होती, पण म्या म्हणलं, पोस्टाचा काय भरोसा? म्हून एक कॉपी त्याच्या घरी घेऊन गेलो. थो घरी नाई. दारावर चिकटवाले गेलो त त्याची कुत्री लागली मांगं. मंग जिथी गुन्हा झाला तिथी, खांबावर चिकटवून आलो. चांगली घट्ट. नोटीस खरवडली त नंबरबी तिच्याच संगं निघून आला.

निखत : मामा, मी तुमच्यावर केस टाकू का?

खुशालराव : आयका त. म्या हार मानली नाई. खिशातून मोटारीचा दावा काढला, म्हणलं, साहेब, हा पाहा नंबर, शिक्क्यासकट. साहेबानं वाचला. मंग चष्मा काढून माह्याकडे पायलं. म्हणे, या खांबाचं लायसन कोणाच्या नावावर हाय?

निखत : आणि पंच? जबाब कोणाचे झाले?

खुशालराव : सगळ्याइचे झाले. साहेबानं एकेकाले इचारलं, मोतीराम गावंडेसाठी काम करत होता का? सरपंच म्हणे, कोण मोतीराम? गिरणीवाला म्हणे, म्या आजच नाव आयकलं. न्हावी म्हणे, साहेब, मी गावातल्या साऱ्या दाढ्या करतो, या नावाची दाढी माह्या हाताखालून गेली नाई. पार्वताबाई म्हणे, या घरात बाई येकटीच राहते पयल्यापासून.

निखत : मैनाताईंच्या सख्ख्या शेजारीण? घरात मोतीरामचा मुलगा असताना?

मैना : तिचीबी चूक नाई. सरपंच तिच्या मांगंच उभा होता.

निखत : गावंडे?

खुशालराव : थो त पोपटावानी. साहेब, या माणसाले मी कधी पायलंच नाई, चोर असन, आकडा टाकाले चढला असन. मंग मले जोर आला. म्हणलं, पुरावा हाय! वकीलसाहेबापाशी! त्या येऊन राहिल्या! साहेब म्हणे, ठीक, थांबू. थांबले. दोन चहा झाले. कावळे गोळा झाले. तुमी काई आल्या नाई.

निखत : मी श्रीखंड खात होते तेव्हा. बस, आता काहीच राहिलं नाही. मॅजिस्ट्रेटकडे जाऊ, पण गावच्या जबाबांवर काय उभं करणार मी? आणि गावाला आता कळलं की साहेब तुम्ही बोलावला. मैनाताई, तुम्ही चार दिवस माझ्याकडे चला अकोल्याला. आज इथे राहू नका.

मैना : ताई, अजून येक झालं.

निखत : आणखी काय झालं?

मैना : मामा नोहोते तवा. थे बाभळीकडे गेले होते, चहा जास्त झाला होता म्हून.

खुशालराव : दोन मिनिटं गेलो असन. मंग तिथीच जरा डोळा लागला.

मैना : साहेब जाले निघाले. अन् जाता जाता म्हणे, थो जळेल जंपर मले खाली पाह्यजे, संगं न्याले. लाइन बंदच हाय. कोणाले तरी चढवा.

निखत : बरं.

मैना : गावंडेनं वर पायलं खांबाकडे. मंग माह्या घराकडे तोंड केलं अन् आवाज देला. मोत्या, चढ रे.

निखत : काय म्हणाला?

मैना : मोत्या, चढ रे.

खुशालराव : अन् मले कोणीच सांगतलं नाई!

निखत : मामा, चूप. साहेबाने ऐकलं?

मैना : सगळ्याइनं आयकलं. सरपंच खाली पायाले लागले, जसं काई पडलं होतं त्याइचं. गावंडेचं तोंड उघडंच राहिलं. थो पांढरा फट पडला ताई, मले वाटलं आता हाबी जाते. मले त्याचीबी दया आली.

निखत : साहेब काय म्हणाले?

मैना : जीपीतून उतरून वापस आले. बसले. इचारलं, कोणाले आवाज देला? गावंडे खांबाले टेकला. मंग माह्याकडे वळले.

निखत : तुमच्याकडे का?

मैना : मी बोलली होती ना मधात.

निखत : त्यांनी लिहून घेतलं का ते सांगा आधी.

मैना : लिवलं. त्याचं लिवलं, त्याच्या खाली माहं लिवलं. गावंडेची सही घेतली, माही घेतली. न्हाव्याची अन् गिरणीवाल्याची साक्षीदार म्हून घेतली.

निखत : मैनाताई, तुम्ही काय बोललात?

मैना : मले मालूम नाई कसं निघून गेलं. रोज सकायी थो तिथूनच आवाज द्याचा अन् मी आतून जबाब द्याची. आजबी तसंच तोंडातून गेलं. लोकं म्हणतीन, बाई येडी झाली. केस खराब होईन का ताई?

निखत : नाही होणार. काय म्हणालात ते सांगा फक्त.

मैना : म्हणलं, जेवून राहिले जी, धाडतो.